शीला सिस्टरांची ड्युटी

दर्शनाला समन्वयक केलं त्या दिवशी तिला बढती झाल्यासारखं वाटलं. ठाकुर्लीला घरी जाताना तिनं बेकरीतून मावा केक घेतले आणि चहाबरोबर बातमी सांगितली. नवरा प्रशांत डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात सुपरवायझर होता. केकचा कागद सोलता सोलता त्यानं विचारलं, "वेगळी केबिन देणार?"

"नाही."

"हाताखाली माणसं?"

"नाही रे."

"मग करायचं काय नेमकं?"

"समन्वय."

प्रशांतनं अर्धा केक तोंडात टाकला आणि फार मायेनं म्हणाला, "म्हणजे दोन्हीकडची बोलणी खायची. आमच्याकडे एक होता तसा. टक्कल पडलं बिचाऱ्याला."

दर्शना ठाण्यात, टेंभी नाक्याजवळच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन होती. तिथे नुकतेच सगळ्या वॉर्डांसाठी नवे ग्लुकोमीटर आले होते. पूर्वी पेशंटची शुगर बघायची तर सिस्टर रक्त काढायची, वॉर्डबॉय विश्राममामा ती नळी तळघरातल्या लॅबपर्यंत आणायचे, वाटेत दोन ठिकाणी गप्पा मारायचे, आणि रिपोर्ट वर जाईपर्यंत पेशंटचं जेवण होऊन तो घोरायलाही लागायचा. आता बोटाला टोचलं, थेंब पट्टीवर लावला, की खाटेपाशीच आकडा. वर ही मशीनं वायफायवरून लॅबच्या कॉम्प्युटरला जोडलेली. सगळं झकास होतं, एक गोष्ट सोडून. मशीन वॉर्डात, सुई सिस्टरच्या हातात, आणि आकडा चुकला तर जबाबदार लॅब.

लॅबचे प्रमुख डॉ. सुश्रुत आठल्ये हे मोठे सज्जन गृहस्थ. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगातून जेवढं जग दिसतं तेवढ्यात ते सुखी असायचे. दर्शनाला बोलावून ते म्हणाले होते, "तुला फार काही करावं लागणार नाही. फक्त समन्वय साधायचा." समन्वय हा शब्द ते असा उच्चारायचे, जणू वाटीत बासुंदी वाढताहेत.

दर्शना समन्वय साधायला निघाली ती आधी मशीनं मोजायला. तर प्रत्येक वॉर्डात एकच उत्तर. "आमच्याकडे एकच आहे, मॅडम." दोन दिलेली असताना एकच. दुसरं मशीन शेजारच्या वॉर्डानं उचलून नेऊ नये म्हणून लपवलेलं. बाळंतिणींच्या वॉर्डात ते दुपट्यांच्या गठ्ठ्यात निघालं. ऑपरेशन थिएटरचं हाडांच्या डॉक्टरांच्या लॉकरमध्ये होतं, आणि डॉक्टर चावी घेऊन मुलीच्या ॲडमिशनला कोल्हापूरला गेलेले. आयसीयूवाल्यांनी आपलं मशीन गॉजपट्टीनं ट्रॉलीला बांधून ठेवलेलं, खुंट्याला बकरी बांधावी तसं. कॅज्युअल्टीत तर एकही नव्हतं. तिथले लोक शपथेवर सांगत होते की ओपीडीनं नेलं, ओपीडीवाले शपथेवर सांगत होते की परत दिलं.

पट्ट्यांची तऱ्हा आणखी वेगळी. डबीचं झाकण घट्ट लावायचं, नाहीतर हवेनं पट्टी खराब होते, हे डबीवर चार भाषांत लिहिलेलं. पुरुषांच्या वॉर्डात ती डबी उघडी, फ्रिजमध्ये, कुणाच्या तरी दह्याच्या वाडग्याशेजारी.

"थंडाव्यात चांगल्या राहतात ना मॅडम," तिथली सिस्टर म्हणाली.

"दही राहतं," दर्शना म्हणाली.

त्याच वॉर्डातला एक पेशंट लॅबच्या कॉम्प्युटरवर रोज दिसायचा, पण त्याला नाव नव्हतं, वय नव्हतं, नुसता लांबलचक नंबर. त्याची शुगर सकाळी नव्वद, दुपारी तीनशे, संध्याकाळी परत शंभर. दर्शना दोन दिवस त्या माणसाच्या काळजीत होती. शेवटी वर जाऊन बघितलं तेव्हा उलगडा झाला. मशीनला प्रत्येक वेळी पेशंटच्या मनगटावरच्या पट्ट्याचा बारकोड दाखवावा लागायचा. पट्टा ओला झालेला असला, प्लास्टरखाली गेलेला असला की मशीन अडून बसायचं. मग कुणाच्या तरी सुपीक डोक्यात आलं की मशीनला कुठलाही बारकोड चालतो. टेबलावर बिस्किटाचा पुडा होता. तेव्हापासून त्या वॉर्डातल्या निम्म्या लोकांची शुगर त्या पुड्याच्या नावावर जमा होत होती.

दर्शनानं तो पुडा जप्त केला. संध्याकाळी चहाबरोबर लॅबमध्ये सगळ्यांनी खाल्ला.

मग तिनं नियम बांधले. जो हात लावेल त्याला आधी ट्रेनिंग. ट्रेनिंग झालं की प्रत्येकाला स्वतःचा नंबर, ओळखपत्रावर त्याचा बारकोड. तो दाखवल्याशिवाय मशीन चालू होणार नाही. आणि रोज सकाळी कंट्रोल, म्हणजे साखरेचं प्रमाण ठाऊक असलेल्या पाण्याचा थेंब टाकून मशीन खरं बोलतंय का ते बघायचं. कंट्रोल केलं नाही तर मशीनला कुलूप. कॉम्प्युटरवर ही सगळी बटणं होती, दर्शनानं ती एकेक करून दाबली.

मेट्रनबाई म्हणाल्या, "ट्रेनिंग घ्या हो, पण कधी घेणार? ड्युटीत मुलींना श्वास घ्यायला वेळ नाही, आणि ड्युटी संपली की त्या थांबणार नाहीत."

"जेवणाच्या सुट्टीत घेते."

"म्हणजे जेवायचं कधी?"

तरी दर्शनानं ट्रेनिंग जेवणाच्या सुट्टीतच घेतलं. पोरी डबे मांडीवर घेऊन बसल्या. तिचं बोलणं संपलं तेव्हा सगळ्यांनी गोड हसून सह्या केल्या. इतकं गोड की तिला तेव्हाच शंका यायला हवी होती.

पण पुढे चमत्कार झाला. आठवडाभर शिव्याशाप, फोन, कुलूपबंद मशीनं, आणि मग एकदम शांतता. महिनाअखेरीला कॉम्प्युटरनं रिपोर्ट काढला तो सगळा हिरवागार. सगळ्या मशीनवर सकाळचं कंट्रोल वेळेवर. बिननावाची टेस्ट एकही नाही. शंभर टक्के.

डॉ. आठल्ये रिपोर्टकडे एखाद्या दुर्मीळ स्लाइडकडे बघावं तसे बघत राहिले. "दर्शना, हे अद्भुत आहे," ते म्हणाले. हॉस्पिटलला मानांकनाच्या तपासणीसाठी कागद पाठवायचे होते, त्यात त्यांनी हा रिपोर्ट स्वतःच्या हातानं सगळ्यांत वर लावला. एवढ्यावर न थांबता, सगळ्यात जास्त टेस्ट करणाऱ्या सिस्टरचं नाव कॉम्प्युटरवरून काढून 'उत्कृष्ट ऑपरेटर' म्हणून तेही लिहून टाकलं. त्याखाली ठळक अक्षरात. शीला सावंत.

दर्शनाला हे नाव दिसलं ते कागद गेल्यावर.

शीला सिस्टर कोण हे हॉस्पिटलात माहीत नाही असं कुणी नव्हतं. आयसीयूच्या इन्चार्ज, मूळच्या मालवणच्या, राहायला डोंबिवलीत. आवाज असा की तिसऱ्या मजल्यावर रागावल्या तर तळघरात विश्राममामा उभे राहायचे. नवी मशीनं आली तेव्हा कंपनीच्या माणसानं पहिलं ट्रेनिंग त्यांनाच दिलेलं, आणि त्यांच्या नंबरला खास अधिकार होता, त्यांचा बारकोड दाखवला की कुलूप लागलेलं मशीनही उघडायचं, आणि कंट्रोल झाल्याची खूण आपोआप पडायची. सगळं खरं. फक्त शीला सिस्टर मार्चमध्ये निवृत्त झाल्या होत्या. निरोपाच्या कार्यक्रमात दर्शनानं स्वतः त्यांना गुच्छ दिलेला. डॉ. आठल्ये तेवढे तेव्हा सूक्ष्मदर्शकापाशी होते.

तिनं कॉम्प्युटर उघडला. निवृत्त झाल्यापासून शीला सिस्टरांनी एकही सुट्टी घेतली नव्हती. सकाळी त्या आयसीयूत होत्या, त्याच मिनिटाला बाळंतिणींकडे होत्या आणि त्याच मिनिटाला कॅज्युअल्टीतही. तिन्ही पाळ्या. रविवारीसुद्धा.

दर्शना तडक आयसीयूत गेली. रुपाली नावाची स्टाफ नर्स ड्युटीवर होती. पंचविशीतली, कल्याणची, चटपटीत, हात चालू असताना तोंडही चालू ठेवणारी. दर्शनानं न बोलता ट्रॉलीवरचं मशीन उचललं आणि उलटं केलं. मागे बारकोडची चिठ्ठी, छान लॅमिनेट केलेली, मायक्रोपोर टेपनं चारी कडांनी चिकटवलेली.

"हे काय आहे, रुपाली?"

रुपालीनं बघितलं. नाही म्हणायचा विचार तिच्या चेहऱ्यावर आला आणि गेला. "शीला सिस्टर," ती म्हणाली.

"सगळ्या मशीनवर?"

"सगळ्या. झेरॉक्सवाल्याकडून आणलेलं. लॅमिनेशन मेट्रनबाईंनी करून दिलं, टेप आमची."

"अगं पण का? प्रत्येकाला स्वतःचा नंबर दिलाय ना?"

"कुठे दिलाय?" आता रुपालीचे हात थांबले. "मॅडम, माझं ट्रेनिंग झालं, सही झाली, कार्ड आलंच नाही. एचआरला विचारलं तर म्हणे प्रिंटर बिघडलाय, कार्डं कल्याणच्या ऑफिसातून येणार. कल्याणला मी स्वतः गेलेले, घर तिथेच आहे ना माझं. ते म्हणे ठाण्याला पाठवली. नव्या मुली आल्यात, त्यांचं तर ट्रेनिंगपण नाही. इथे पेशंटला घाम फुटलाय, डॉक्टर ओरडतायत एचजीटी सांग, शुगर सांग, आणि मशीन म्हणतंय कार्ड दाखव. मी शुगर बघू की तुमच्या कार्डाची वाट?"

दर्शना भांडायच्या तयारीनं आलेली. पण तिनं मशीन जागेवर ठेवलं. आपण एवढी बटणं दाबली, पण कार्डं पोचली का हे एकाही माणसाला विचारलं नाही, हे तिच्या डोक्यात टकटक करायला लागलं. हिरव्या रिपोर्टनं तिला फार सुख दिलं होतं.

डॉ. आठल्येंना तिनं सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी आधी चष्मा काढला, मग पुसला, मग परत न घालताच तिच्याकडे बघत बसले.

"पण आपण त्यांचं नाव पाठवलंय," ते क्षीण आवाजात म्हणाले.

"तुम्ही पाठवलंय, सर."

"आणि पुढच्या आठवड्यात तपासणीला लोक येताहेत. ते म्हणणार, भेटवा." डॉक्टरांनी चष्मा घातला आणि त्यांना एकदम कल्पना सुचली. सज्जन माणसांना वाईट कल्पना सुचतात तेव्हा त्यांचे चेहरे फार निरागस होतात. "शीलाताईंना एक दिवस बोलावलं तर? फक्त एक दिवस. युनिफॉर्म असेलच त्यांच्याकडे. खोटं कुणी बोलायचं नाही, त्यांनी फक्त वॉर्डात उभं राहायचं."

"सर, हे बरोबर नाही."

"मला ठाऊक आहे. तू विचारून तर बघ. शेवटी हा समन्वयाचाच भाग आहे."

शनिवारी दर्शना डोंबिवलीला गेली. शीला सिस्टरांचं घर पूर्वेला, दुसऱ्या मजल्यावर. दार त्यांचे यजमान सहदेवराव यांनी उघडलं. स्वयंपाकघरातून खोबरं भाजल्याचा वास येत होता आणि त्या वासाच्या मागोमाग आवाज आला. "कोण गो ते? दर्शना? ये, ये. बस. वाळलीस किती!"

चहा झाला, सोलकढी झाली, मुलाच्या बेंगळुरूच्या फ्लॅटचे फोटो बघून झाले. मग दर्शनानं बशीकडे बघत बघत सगळं सांगितलं. शीला सिस्टर शांतपणे ऐकत होत्या. आयसीयूतल्या पोरी या शांततेला फार घाबरायच्या.

"म्हणजे," त्या शेवटी म्हणाल्या, "मी अजून कामावर आहे."

"कॉम्प्युटरप्रमाणे."

"रामनवमीला?"

दर्शनानं पर्समधून कागद काढला. "त्या दिवशी तुम्ही चौऱ्याऐंशी टेस्ट केल्यात."

"अहो ऐकलंत?" शीला सिस्टरांनी नवऱ्याला हाक मारली. "रामनवमीला आपण मालवणात काय करत होतो?"

"सुरमई खात होतो. नको म्हणत होतो मी, रामनवमीला." सहदेवरावांनी खरं ते सांगितलं.

"सुरमई खाता खाता मी ठाण्यात चौऱ्याऐंशी लोकांची बोटं टोचली!" आता आवाज चढला. खालच्या मजल्यावर कुणीतरी टीव्ही बंद केला. "आणि उद्या एखाद्याचा आकडा चुकला, चुकून जास्त इन्सुलिन गेलं, काय बरंवाईट झालं, तर पोलीस कुणाच्या दारात येणार? शीला सावंतच्या! मी इथे खोबरं भाजतेय, आणि ते बेड्या घेऊन उभे!"

"सरांचं म्हणणं आहे," दर्शना एका दमात म्हणून गेली, "की तुम्ही तपासणीच्या दिवशी एकदा येऊन उभं राहावं."

शीला सिस्टरांनी तिच्या फोनकडे बोट दाखवलं. "आठल्येंना फोन लाव."

दर्शनानं लावला आणि स्पीकरवर टाकला.

"डॉक्टरसाहेब, नमस्कार. शीला बोलतेय. मी निवृत्त झालेय, मेलेली नाही. मेले असते तर गोष्ट वेगळी, तुम्ही आत्म्याकडून काम करून घेतलं असतं, मी काही बोलले नसते."

पलीकडून डॉ. आठल्ये म्हणाले, "शीलाताई, चूक झाली. क्षमा असावी." आणि त्यांना खरोखरच वाईट वाटलेलं आवाजातच कळत होतं, त्यामुळे शीला सिस्टरांचाही पारा जरा उतरला.

फोन बंद झाल्यावर त्या म्हणाल्या, "माझा नंबर बंद कर. आज."

"आज बंद केला तर सगळी मशीनं अडतील, सिस्टर. मुलींकडे कार्डं नाहीत. पेशंटची शुगर कोण बघणार?"

हे मात्र शीला सिस्टरांना पटलं. शेवटी तीस वर्षं त्यांनी पेशंटच बघितले होते. त्या विचार करत बसल्या. दर्शनाही. आणि तेव्हा, सोलकढीच्या बाटलीवर चिकटवलेल्या तारखेच्या लेबलाकडे बघताना, तिला आपल्या लॅबमधला लेबलांचा प्रिंटर आठवला. रक्ताच्या नळ्यांवर दिवसभर बारकोडची लेबलं चिकटवण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलेलं. नळीला बारकोड लागतो, तर सिस्टरच्या ओळखपत्राला का नाही? एचआरच्या कार्डाची गरजच काय?

"सिस्टर, सोमवारी याल का? उभं राहायला नाही, माझ्याबरोबर फिरायला. वॉर्डामागून वॉर्ड करू. आधी ट्रेनिंग, मग लेबल, मग तुमची चिठ्ठी काढायची. सगळे वॉर्ड झाले की तुमचा नंबर बंद."

"चिठ्ठ्या मीच काढणार," शीला सिस्टर म्हणाल्या.

सोमवारी त्या आल्या, युनिफॉर्ममध्ये नव्हे, मोरपंखी साडीत. बाळंतिणींच्या वॉर्डात शिरल्या, मशीन उलटं केलं, आपला बारकोड टर्रकन ओढून काढला. "कोणी चिकटवलं?" वॉर्डात एवढी शांतता पसरली की एक तान्हं बाळही रडायचं थांबलं. दर्शना मात्र या वेळी मुलींची जेवणाची सुट्टी खाणार नव्हती. तिनं मेट्रनबाईंना गाठून सांगितलं होतं, लॅमिनेशन कोणी केलं ते मी विचारत नाही, पण ट्रेनिंग ड्युटीच्या वेळात होईल, आणि तेवढा वेळ शेजारच्या वॉर्डाची एक मुलगी इथे उभी राहील. मेट्रनबाईंनी लॅमिनेशनचा उल्लेख ऐकला आणि लगेच मान्य केलं.

दोन दोन मुलींना बाजूला घेऊन दर्शना शिकवत होती, स्वतःच्या बोटाला टोचून दाखवत होती, प्रत्येकीकडून एकदा करून घेत होती. मग खिशातला लेबलांचा रोल काढून ओळखपत्राच्या मागे टच्चकन लावत होती. दुसऱ्या दिवशी तिच्या दहाही बोटांची टोकं दुखत होती. घरी प्रशांतनं भाजी चिरायला घेतली. "टकलापर्यंत नाही, पण बोटांपर्यंत आलं ना?" तो म्हणाला. तिनं त्याच्या पाठीत गुद्दा घातला आणि तेही दुखलं.

तिसऱ्या दिवशी, सगळ्यात शेवटी, आयसीयू. रुपालीला लेबल मिळालं तेव्हा तिनं ते मशीनला दाखवलं. पडद्यावर स्वतःचं नाव आल्यावर हरखून तिनं मोबाईलवर फोटो काढला आणि आईला पाठवला. शीला सिस्टर लॅबमध्ये येऊन दर्शनाच्या शेजारी बसल्या. दर्शनानं त्यांचा नंबर पडद्यावर आणला आणि 'बंद' म्हणायच्या ठिकाणी बाण नेला.

"तुम्ही दाबता?"

शीला सिस्टरांनी एक बोट पुढे केलं, क्षणभर थांबल्या, आणि दाबलं. "आता सुटले," त्या म्हणाल्या. पण डोळे पुसले. निरोपाच्या कार्यक्रमात त्यांचे डोळे कोरडे होते, हे दर्शनाला आठवत होतं.

तपासणीला तिघं आले. लॅबकडे आलेले गृहस्थ नागपूरचे. देह भारदस्त, बोलणं मऊ. व्यवस्थापनानं त्यांचं स्वागत मोतीचुराचे लाडू देऊन केलं, आणि डॉ. आठल्येंनी पडद्यावर स्लाइड दाखवायला सुरुवात केली. दर्शनानं त्यांना दोनदा बजावलं होतं की शीला सिस्टरांची स्लाइड काढा. त्यांनी हो म्हटलेलं. पण मोठ्या माणसांचं जे होतं तेच झालं. सहाव्या स्लाइडवर शीला सिस्टर हसत उभ्या राहिल्या. 'उत्कृष्ट ऑपरेटर'.

"अरे वा," नागपूरचे साहेब म्हणाले. "यांना भेटवा ना. कुठे असतात या?"

"त्या... म्हणजे, सध्या..." डॉ. आठल्येंनी दर्शनाकडे बघितलं.

दर्शना उभी राहिली. तीन दिवस बोटं टोचून घेतल्यावर आता खोटं बोलायची तिची तयारी नव्हती. "सर, त्या डोंबिवलीत असतात. मार्चमध्ये निवृत्त झाल्या. तो रिपोर्ट खरा नव्हता." आणि तिनं सगळं सांगितलं. झेरॉक्स, लॅमिनेशन, हरवलेली कार्डं. बिस्किटाचा पुडाही सांगून टाकला. मेट्रनबाई छताकडे बघत होत्या.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "तुमच्यावाल्या जिवंत तरी आहेत," ते म्हणाले. "मागच्या ठिकाणी ज्यांच्या नावावर टेस्ट चालू होत्या त्यांचं वर्षश्राद्ध झालं होतं." त्यांनी काहीतरी लिहिलं, बरंच लिहिलं. मग उठले. "चला, आता खरं काय करून राहिले ते दाखवा. पेशंटला त्रास नको. माझीच शुगर बघा."

आयसीयूच्या बाहेरच्या खोलीत त्यांना खुर्ची दिली. रुपालीनं लेबल दाखवलं, मशीन उघडलं, बोट धरलं, टोचलं, थेंब लावला. आकडा आला. तीनशे एक्क्याण्णव.

खोलीत कुणी हललं नाही. साहेब मात्र हलले. आधी पांढरे पडले, मग म्हणाले, "नाही बाप्पा. असं कसं? आमच्या वडिलांना होती, पण मला कधीच..." आणि दुसऱ्या हातानं त्यांनी फोन चाचपायला सुरुवात केली. "मी गोडच खात नाही. बायकोला विचारा." हाडांचे डॉक्टर कुठूनसे उगवले आणि ॲडमिट करून घेऊ म्हणाले.

रुपाली आकड्याकडे न बघता त्यांच्या बोटाकडे बघत होती. "सर, खाली लाडू हातानंच खाल्लात ना?"

"एकच खाल्ला," साहेब घाईनं म्हणाले. मग, "दोन."

"बोटाला पाक आहे अजून. चुकलं माझं, आधी हात धुवायला सांगायला हवं होतं. साबणानं धुवा, नीट पुसा. परत बघू."

ते आज्ञाधारकपणे बेसिनपाशी गेले आणि ऑपरेशनला निघाल्यासारखे कोपरापर्यंत हात धुवून आले. रुपालीनं दुसरं बोट धरलं. एकशे अठ्ठावीस.

साहेबांनी खुर्चीत मागे टेकून मोठा श्वास सोडला. मग रुपालीला हळूच म्हणाले, "तो पहिला आकडा काढून टाकता येतो का?"

"नाही सर," रुपाली म्हणाली. "शेरा लिहिता येतो." आणि तिनं लिहिला, 'हात न धुता, लाडू.' खाली तिचं स्वतःचं नाव.

निकाल आला तो सुधारणांच्या लांब यादीसकट. मानांकन मिळालं, पण सहा महिन्यांनी परत बघायला येऊ म्हणून. पुढच्या महिन्याचा रिपोर्ट निघाला एकसष्ट टक्के. डॉ. आठल्येंना तो घेऊन व्यवस्थापनापुढे जायचं होतं, आणि ते फार खचले होते. "शंभराचे एकसष्ट झाले, दर्शना. यात मी प्रगती कशी दाखवू?"

"सर, हे एकसष्ट जिवंत माणसांनी केलेत."

त्यांनी हे वाक्य मीटिंगमध्ये जसंच्या तसं म्हटलं. विश्वस्तांना ते नीटसं कळलं नाही, पण ऐकायला बरं वाटलं, आणि ट्रेनिंगसाठी रुपालीला आठवड्यातून दोन दिवस दर्शनाकडे द्यायचं ठरलं. त्याच्या पुढच्या महिन्यात सत्तर झाले. मग नव्या मुलींची तुकडी आली आणि परत पासष्ट. दर्शना रागावली नाही. तिनं लेबलांचा रोल खिशात टाकला.

सुधारणांच्या यादीत एक ओळ अशी होती की लॅबच्या प्रमुखांनीही मशीन चालवायचं ट्रेनिंग घ्यावं. डॉ. आठल्ये एका दुपारी शहाण्या मुलासारखे येऊन बसले. हात धुतलेले होते. रुपालीनं मशीन दिलं. त्यांनी स्वतःच्या बोटाला इतक्या हळुवारपणे टोचलं की रक्त आलंच नाही. दुसऱ्यांदा आलं ते पट्टीच्या चुकीच्या टोकाला लागलं. तिसऱ्यांदा जमलं, पण तोवर मशीन कंटाळून बंद झालं होतं. चौथ्यांदा आकडा आला तेव्हा त्यांचा आनंद पाहण्यासारखा होता.

मग दहा प्रश्नांची परीक्षा. पास व्हायला आठ हवेत. प्रत्येक प्रश्नाला तीन पर्याय, बरोबर तिथे खूण करायची. डॉक्टरांनी खुणांबरोबर समासात बारीक अक्षरात उत्तरंही लिहिली. तीन ठिकाणी तर खूण न करता प्रश्नच कसा सदोष आहे ते लिहिलं, संदर्भासकट.

दर्शनानं पेपर तपासला. परत तपासला. रुपाली तिच्या खांद्यावरून बघत होती.

"सर, सात," दर्शना म्हणाली.

"पण मी लिहिलंय ते चूक आहे का?"

"चूक नाही, सर. खूण नाहीये." तिला वाईट वाटत होतं आणि हसूही येत होतं, पण चेहरा तिनं सरळ ठेवला. "परत बसावं लागेल. तोपर्यंत तुम्हाला लेबल देता येणार नाही."

डॉ. आठल्येंनी पेपर घेतला, आपलं अक्षर एकवार न्याहाळलं, घडी घालून खिशात ठेवला. दारापर्यंत गेले, वळले.

"गुरुवारी चालेल का?" त्यांनी विचारलं.

रुपालीनं वही उघडून बघितलं. "गुरुवारी कॅज्युअल्टीच्या मुली आहेत, सर. त्यांच्याबरोबर बसाल?"

"बसेन की," डॉक्टर म्हणाले.